रविवारचं पत्रक

नवी व्यवस्था आली तेव्हा डोंबिवलीत ढोल वाजले नाहीत की रस्त्यावर रणगाडे आले नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली, एवढंच. वर कुणीतरी लिहिलेलं, 'सर्वांनी वाचून घ्यावे', आणि खाली बावीस जणांनी नमस्काराचे हात टाकलेले. वाचली किती जणांनी, देव जाणे. कुटुंब संरक्षण कायदा, असं त्या कायद्याचं नाव. संरक्षण म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला वाईट वाटत नाही, आणि वाटलं तरी ग्रुपवर कोण बोलणार?

मेघनाने मात्र ती पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ती चांगदेवची मुलगी. चांगदेव म्हणजे विठ्ठलवाडीच्या चाळीत राहून कारखान्यात हयात घालवलेला माणूस. त्याने दोन्ही मुलींना शिकवलं, पायावर उभं केलं, आणि सोबत एक ताकीद दिली. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि साहेबाने विचारलं नाही ते आपणहून सांगायचं नाही. थोरली माया नर्स झाली, धाकटी मेघना फिजिओथेरपिस्ट. बाप गेला, आई गेली, ताकीद राहिली.

कायदा साधा होता. प्रत्येक सज्ञान बाई कुणातरी पुरुषाच्या नावावर नोंदलेली हवी. बाप, नवरा, भाऊ, मुलगा, कुणीही. तो तिचा कुटुंबप्रमुख. तिला प्रभागाबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना हवा, आणि दर वेळी त्याच्या फोनवर ओटीपी येणार, तो त्याने सांगायचा. आणि दर रविवारी कुटुंबप्रमुखाने एक पत्रक भरायचं. चार पानं, एकोणीस रकाने. सोमवारी सकाळी दहाच्या आत प्रभाग समितीच्या कचेरीत नेऊन द्यायचं.

"हे काय आहे रे, साकेत?" मेघनाने नवऱ्याला विचारलं.

"फॉर्म आहे गं," साकेत म्हणाला. "फॉर्म भरायला काय जातं आपलं?"

साकेत वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे ऐकणाऱ्याचा घोटाळा होईल. तीन पिढ्यांचा डोंबिवलीकर. आजोबांपासून त्यांच्या घरात सगळं अर्जावर मिळालेलं. नोकरी अर्जावर, गॅस अर्जावर, फ्लॅट अर्जावर. अर्ज आधी कच्चा लिहायचा, मग निळ्या शाईत पक्का, आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही. तो स्वतः एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होता. दिवसभर रीडिंग घ्यायचं आणि जे आलं ते शीटवर उतरवायचं. ज्याची कामं आयुष्यभर कागदाने केली, त्याला कागदाची भीती कशाला वाटेल? मेघनाच्या घरच्यांना वाटायची. दोघांनी आईबापांची समजूत घालून लग्न केलं तेव्हा या एका गोष्टीवरून त्यांचं कधी वाजेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

मेघनाकडे स्कूटर होती. सकाळी आठला ती निघायची ती कुणाचा खांदा सोडवायला खडकपाड्याला, कुणाला पक्षाघातानंतर चालायला शिकवायला ठाण्यात नौपाड्याला. पेशंट तिची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसायचे. आता पत्रीपुलाजवळ चौकी बसली. तिथे ती स्कूटर बाजूला लावायची आणि साकेतला फोन करायची. तो मीटिंगमध्ये असला तर वाट बघायची. एकदा पाऊण तास उन्हात उभी राहिली. बाजूला एक प्राध्यापिका होती, केस पांढरे झालेली, ती आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या ओटीपीसाठी उभी होती आणि तो क्लासमध्ये होता. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. न हसून काय करणार!

"सॉरी, सॉरी," साकेत संध्याकाळी म्हणायचा. "उद्यापासून फोन हातातच ठेवतो." आणि खरंच ठेवायचा. वरिष्ठांची बोलणी खायचा, पण ठेवायचा.

या दोघांची एक वेळ होती. सकाळी गजर व्हायच्या आधी दोघांना आपोआप जाग यायची, आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बोलणं चालायचं. दिवसभर जे कुणाला सांगता येत नाही ते त्या वेळात निघायचं. चार वर्षांपूर्वी मेघनाचं पाचव्या महिन्यात मूल गेलं. लोकांसमोर ती आठ दिवसांत कामाला लागली, वाहवा मिळवली. ते बाळ आता चार वर्षांचं होत आलं असतं, आता त्याला बालवाडीत घातलं असतं, हे सगळं ती फक्त त्या वेळात बोलायची. साकेत काही सांगायचा नाही, समजावायचा नाही, नुसता तिच्या केसांतून हात फिरवायचा. बाहेर पत्रीपुलाला चौकी असो नाहीतर आणखी काही, ही जागा आपली आहे, असं तिला वाटायचं. त्यावरच तर ती तग धरून होती.

अशाच एका पहाटे तिने त्याला मायाताईचं सांगितलं.

मायाने लग्न केलं नव्हतं. खडवलीला नदीच्या अलीकडे दोन खोल्यांचं तिचं स्वतःचं घर, नर्सची नोकरी सोडल्यापासून ती तिथेच राहायची. तिचा कुटुंबप्रमुख कोण, याचं उत्तर तिने समितीला अजून दिलेलं नव्हतं, टोलवत होती. आणि आता तिच्याकडे तीन बायका राहायला आलेल्या, परवान्याशिवाय घर सोडून.

"एकीचा हात मोडलाय," मेघना डोळे मिटूनच म्हणाली. "ताईनेच प्लास्टर घातलंय. मला बघायला बोलावलंय. साकेत, कुणाला बोलू नकोस हं."

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "मी कशाला कुणाला बोलू?"

बुधवारी खडवलीहून शेजारणीचा फोन आला. समितीची गाडी आलेली. मायाला नेलं, तिघींना नेलं, दाराला सील लावलं.

समितीची कचेरी तिच्याच प्रभागात, एका जुन्या लग्नाच्या हॉलमध्ये. स्टेजवर अजून जरीचा पडदा, त्याच्यासमोर चार टेबलं. चिटणीस म्हणजे त्यांच्याच बिल्डिंगमधला, बी विंगचा कमलेश. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याचा पाय वाकेना, तेव्हा मेघनानेच महिनाभर रोज जाऊन तो वाकता केलेला. त्याने उठून खुर्ची दिली.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? साकेतसाहेबांना पाठवायचं ना."

"माझ्या बहिणीला आणलंय. तिचा गुन्हा काय?"

"गुन्हा असं नाही," कमलेश आवाज खाली आणून म्हणाला. "नोंद नाही, आणि वर तीन बिगरपरवाना स्त्रिया घरात. आता लेखी आलं म्हटल्यावर आम्हाला जावंच लागतं. पण तुम्ही काळजी करू नका, तुमच्या घराचं नाव फार चांगलं आहे. साकेतसाहेबांचं पत्रक म्हणजे नमुना. आम्ही इतरांना दाखवतो, बघा, असं भरायचं."

आणि त्याने खरंच फाईल काढली. मोठ्या कौतुकाने टेबलावर उघडून तिच्याकडे फिरवली. निळी शाई, सरळ ओळी, कुठे खाडाखोड नाही. ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं, लग्नाआधी त्या अक्षरातली पत्रं तिने जपून ठेवलेली.

रकाना अकरा. पत्नीच्या माहेरच्या घरी सध्या राहणाऱ्या व्यक्ती. 'माया चांगदेव (थोरली बहीण), खडवली. तसेच तीन स्त्रिया (पाहुण्या).'

तिने पान उलटलं नसतं तर बरं झालं असतं, पण तिने उलटलं. रकाना चौदा. स्त्रीची मनःस्थिती. 'समाधानकारक. अपत्यनाशाचे दुःख अद्याप आहे. पहाटे रडते (आठवड्यातून अंदाजे एकदा). मूल आज किती वर्षांचे असते याचा हिशेब करते.' मागच्या आठवड्याचंही तसंच. त्याच्या मागच्याही. सव्वीस आठवड्यांच्या सव्वीस पहाटा, तारीखवार लावलेल्या. कचेरीतल्या चार टेबलांवरच्या माणसांनी वाचलेल्या. गुडघा धरून ओरडणाऱ्या ह्या कमलेशने वाचलेल्या.

मेघनाला कुणीतरी भर बाजारात आपला पदर ओढल्यासारखं झालं. ती उठली आणि बाहेर पडली.

साकेत घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. ओटा कोरडा, गॅस बंद.

"ताईला नेलं," ती म्हणाली. "तू लिहिलंस."

तो नाकबूल झाला नाही. खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं. हातातली डब्याची पिशवी त्याने हळूच खाली ठेवली.

"मी 'पाहुण्या' लिहिलेलं," तो म्हणाला.

"मी तुला सांगितलेलं, कुणाला बोलू नकोस."

"मी कुणाला बोललो नाही गं. शपथ. फॉर्ममध्ये विचारलेलं."

कागद म्हणजे कुणी नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"खोटं लिहिलं असतं आणि नंतर सापडलं असतं," तो घाईघाईने सांगायला लागला, "तर पहिला तुझा परवाना गेला असता. तुझे पेशंट, तुझी स्कूटर, सगळं. मी तुझ्यासाठी लिहिलं. खरं लिहिणाऱ्याला काही होत नाही, असंच वाटलेलं मला."

"आणि मी रडते ते? तेही माझ्यासाठी?"

"चौदावा रकाना," तो अगदी हळू बोलला. "रिकामा ठेवला की ते बाई पाठवतात घरी, चौकशीला. तुला घरात कुणी नको होतं ना."

आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं कुणावर? तो मारकुटा असता, दारुडा असता, तर दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. बापाने घसा कोरडा करून शिकवलेलं, आणि आपण साहेबाला नाही तर साहेबाच्या कागदाला उशाशी घेऊन झोपलो. तिने गादी उचलली आणि हॉलमध्ये नेऊन टाकली. घर सोडून जावं असंही वाटलं. पण जायचं कुठे? माहेर म्हणजे ताई, आणि ताईलाच नेलेलं. आणि पत्रीपुलापलीकडे जायला साकेतचाच ओटीपी लागणार होता.

दुसऱ्या दिवशी कमलेशने दोघांना बोलावून घेतलं आणि सुटकेची वाट सांगितली. मायाला वडील नाहीत, भाऊ नाही, मुलगा नाही. बहिणीचा नवरा मात्र चालतो. साकेतने तिचा कुटुंबप्रमुख म्हणून सही केली तर ती त्याच्या घरी येऊ शकते. चार आठवडे देखरेख, पहिलं पत्रक या रविवारी नाही, पुढच्या रविवारी. तेवढे दिवस दोन्ही बहिणींचे परवाने स्थगित. आणि पत्रक चोख हवं.

"विशेषतः एकोणीस नंबर," कमलेश म्हणाला. "पती-पत्नी संबंध. घरातच तणाव असला तर आम्ही दुसरी बाई तिथे ठेवू शकत नाही. नियम आहे, माझ्या हातात नाही. 'सलोख्याचे' आलं नाही, तर त्यांना परत केंद्रात पाठवावं लागेल."

साकेतने तिथल्या तिथे सही केली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फोटो काढून आणले, आधारच्या प्रती काढल्या, संध्याकाळच्या आत मायाला घेऊन आला. समितीचं केंद्र म्हणजे आंबिवलीच्या पुढे कुठेतरी एक शेड, तिथे तिला ठेवलेलं. मायाच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला. दोन दिवसांत बाई दहा वर्षांनी वाकलेली.

"जय भीम, मेघू," ती म्हणाली, आणि उंबऱ्यातच बसली.

मेघनाने तिला पाणी दिलं, आंघोळीला काढलं, वरण-भात भरवला. लहानपणी मायाने तिला भरवलेला, तसा. बेडरूमला लागून एक लहान खोली होती, बाळासाठी म्हणून ठेवलेली. तिथे मायाची पथारी घातली.

"त्या तिघी?" मेघनाने विचारलं.

"ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवल्या. हात मोडलेलीला आधी. तिचा नवरा सही करून घेऊन गेला." मायाने पांघरूण ओढून घेतलं. "कुणी सांगितलं गं?"

"मी," मेघना म्हणाली.

मायाने तिच्याकडे पाहिलं, मग बंद दारापलीकडे साकेत पेपर वाचत बसलेला तिकडे पाहिलं. तिला समजायचं ते समजलं. तिने मेघनाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या हाताचं मेघनाला ओझं झालं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

स्कूटरवर आता आच्छादन पडलं. नौपाड्याच्या आजोबांचा रोज फोन यायचा, "मॅडम, मी भिंत धरून दारापर्यंत गेलो, तुम्ही कधी येताय?" मेघना सांगायची, जरा बरं नाही. आठवड्याने त्यांचा फोन यायचाही थांबला. साकेत भाजी आणायचा, दूध आणायचा, मायाताईंना डायबेटिसच्या गोळ्या आणायचा. मायाताई, बाम हवा का, मायाताई, खिडकी लावू का. घरात त्याच्यासारखा कष्टाळू कुणी नव्हता. मेघनाशी बोलायला बघायचा आणि ती तेवढ्यापुरतं उत्तर द्यायची.

मग तो रविवार आला. दुपारची जेवणं झाल्यावर साकेतने टेबल पुसलं, पत्रक पसरलं, पेनाचं टोपण काढलं. एकेक रकाना भरत गेला. अकरा भरला, चौदाजवळ थांबून पुढे गेला, आणि एकोणीसला पेन वर उचलून धरलं.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

"सलोख्याचे," मेघना म्हणाली.

"तू हॉलमध्ये झोपतेस, मेघना. दहा दिवस झाले, माझ्याशी धड एक शब्द बोलली नाहीस."

"लिही ना. एक शब्द तर लिहायचाय."

"खोटं कसं लिहू?" तो कळवळून म्हणाला. "ते येतात गं तपासायला. दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. मला नाही जमणार, माझ्या तोंडावर दिसेल. मग मायाताईंना नेतील, आणि त्याला पुन्हा मीच कारण. एकदा झालं ना माझ्या हातून? पुन्हा नको."

धमकी असती तर तिने उलट उत्तर दिलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो काही मागत नव्हता, अट घालत नव्हता. जे रीडिंग येईल ते लिहिणारा माणूस, तो रीडिंगची वाट बघत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"चौदा आणि एकोणीस रिकामे ठेवतो," तो म्हणाला. "उद्या दहापर्यंत वेळ आहे."

मेघना उठली. भांडी घासायला बसली, आणि प्रत्येक भांडं तिने दोनदा घासलं. माया मदतीला आली तर तिला म्हणाली, तू पड जरा. मग हात पुसून हॉलमध्ये गेली, गादीची वळकटी केली आणि ती बेडरूममध्ये नेली. साकेतने पाहिलं आणि धावत येऊन दुसरं टोक धरलं. माया तिच्या खोलीच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

रात्रीचं नवरा-बायकोचं काय ते त्यांचं, असं म्हणायची पद्धत आहे. पण ह्या घरात नवरा-बायकोचं असं काही उरलंच नव्हतं. त्याने दिवा मालवला तेव्हा ती नको म्हणाली नाही. तिला एकोणीस नंबरचा रकाना दिसत होता, चौकोनी, कोरा.

पहाटे गजराच्या आधी दोघांना जाग आली. जुनी सवय, ती थोडीच कायदा वाचते. साकेतने डोळे मिटलेलेच ठेवून तिच्या केसांतून हात फिरवला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला. "घर कसं मुकं झालेलं." ते काही नाटक नव्हतं.

तिच्या ओठांवर खूप काही आलं. ताईच्या हातावर कसले काळेनिळे डाग आहेत ते. नौपाड्याच्या आजोबांचं. बाळाला पुढच्या महिन्यात चार वर्षं झाली असती, हे. भिंतीपलीकडे माया खोकली. घड्याळात सव्वापाच झालेले, दहाला पावणेपाच तास होते.

"ताई आल्यापासून घर भरल्यासारखं वाटतं," मेघना म्हणाली. "मी आता रडत नाही. बाळाचंही मनात येत नाही फारसं. आणि मला तुझा राग नाही, साकेत."

ही वाक्यं तिने काल दुपारी भांडी घासताना लावून ठेवलेली, रकान्यात मावतील एवढीच.

"खरं ना?" त्याने विचारलं.

"खरं," ती म्हणाली.

अकरा वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि त्याने सुटकेचा श्वास सोडून तिला जवळ घेतलं.